वातारासेकाठचा म्हातारा

वातारासे ही काही मोठी नदी नव्हे. जपानच्या मुख्य बेटावर, टोकियोच्या उत्तरेला आशिओचे डोंगर आहेत. तिथे ती उगम पावते आणि सुमारे १०७ किलोमीटर वाहून तोने नावाच्या थोरल्या नदीला मिळते. डोंगर उतरली की तोचिगी आणि गुन्मा या दोन प्रांतांच्या सपाट शेतीतून तिची वाट जाते. दर काही वर्षांनी ती पात्र सोडून शेतात शिरे, आणि नवलाची गोष्ट अशी की काठचे शेतकरी त्यावर फारसे रागवत नसत. डोंगरावरच्या दाट रानातला कुजलेला पालापाचोळा पुराबरोबर खाली येई आणि पाणी ओसरले की शेतात पोयट्याचा थर राही. त्यावर भात, गहू, तुती असे काय हवे ते पिके. खताला पैसे टाकायची वेळ क्वचितच येई. नदीत मासळीही भरपूर होती आणि तिच्यावर कितीतरी घरे जगत होती.

या नदीसाठी तानाका शोझो नावाच्या माणसाने आयुष्याची शेवटची बावीस वर्षे खर्ची घातली. जपानमध्ये हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे जपान म्हटले की शिस्त, कारखाने आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या यांचे कौतुक होते. त्या कारखान्यांसाठी पहिली किंमत कोणी मोजली, हे मात्र तानाकांचे चरित्र वाचल्याखेरीज कळत नाही.

शोझोचा जन्म १८४१ सालचा, कोनाका या खेड्यातला. हे गाव आता सानो शहरात आले आहे. वडील गावचे मुखिया, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखे. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण श्रीमंत नव्हते. ऐन सतराव्या वर्षी मुखियापणा मुलाकडे आला आणि पाठोपाठ भांडणही आले. गावाचा जहागीरदार होता रोक्काकु घराण्याचा. त्याचे कारभारी रयतेला नाडत होते आणि गावाचे जुने हक्क मोडीत काढत होते. तरुण मुखियाने तक्रारी केल्या, गावकऱ्यांना एकत्र केले, आणि १८६८ साली तो तुरुंगात जाऊन पडला. ती कोठडी जेमतेम तीन फूट लांब आणि तितकीच रुंद होती. तिच्यात धड उभेही राहता येत नसे आणि पाय पसरून निजताही येत नसे. जेवणातून विष घालतील या भीतीने त्याने कित्येक दिवस वाळवलेल्या माशाचे दोन तुकडे चघळून काढले. दहा महिन्यांनी सुटका झाली ती गाव सोडण्याच्या अटीवर. तोवर देशात सम्राट मेजींची राजवट आली होती आणि जहागीरदारीचे दिवस भरत आले होते.

नोकरीसाठी तो उत्तरेकडे गेला. तिथल्या दुष्काळी भागात धान्यवाटपाचे काम करणारा हलका सरकारी कारकून झाला. १८७१ मध्ये त्याच्या वरिष्ठाचा खून झाला आणि आळ याच्यावर आला. पुरावा काही नव्हता, तरी जवळजवळ तीन वर्षे तुरुंगात गेली. तिथे मात्र त्याला पुस्तके मिळाली. पाश्चात्त्य राज्यपद्धती आणि सॅम्युएल स्माइल्सचे स्वावलंबनावरचे पुस्तक त्याने जपानी भाषांतरातून वाचून काढले. १८७४ मध्ये निर्दोष ठरून तो घरी परतला.

पुढची गोष्ट मला माझ्या जुन्या धंद्यामुळे विशेष वाटते. १८७७ साली सात्सुमाचे बंड झाले. बंड मोडण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, महागाई भडकली आणि जमिनीचे भाव चढले. तानाकांनी हे आधीच ताडून स्वस्तात जमीन घेऊन ठेवली होती. ती विकून त्यांना सुमारे तीन हजार येन मिळाले. ही रक्कम त्या काळी मोठी होती. मी उमेदीची सगळी वर्षे बँकेत लोकांची खाती पाहिली आहेत. असा अवचित नफा हाती आला की माणूस दुप्पट जमीन घेतो, पुढच्या वर्षी तिप्पट. तानाकांनी वडिलांना कळवले की यापुढे पैसा मिळवणे बंद, हा पैसा आणि उरलेले आयुष्य सार्वजनिक कामाला. वडिलांनी आनंदाने संमती दिली. तानाकांनी एक वृत्तपत्र चालवले, १८८० मध्ये ते प्रांताच्या विधानसभेत निवडून आले, एका उर्मट गव्हर्नराशी भांडून पुन्हा तुरुंगाची वारी केली आणि १८८६ मध्ये त्याच सभेचे अध्यक्ष झाले. १८९० साली जपानची पहिली संसद भरली, तेव्हा तिच्यात ते होते.

त्याच १८७७ साली फुरुकावा इचिबेई नावाच्या व्यापाऱ्याने आशिओची तांब्याची खाण विकत घेतली होती. खाण जुनी, सतराव्या शतकातली आणि बहुतेक संपत आलेली. लोक त्याला हसले असतील. पण १८८१ आणि १८८४ मध्ये भरघोस शिरा सापडल्या आणि बघता बघता आशिओ जपानची सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. १८८८ मध्ये जार्डीन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीशी एकोणीस हजार टन तांब्याचा करार झाला. तांबे परदेशी जाई आणि बदल्यात परकी चलन येई. त्यातून यंत्रे आणि तोफा येत. त्यामुळे फुरुकावाच्या धंद्याला देशकार्याचा मान होता. तो मान अगदीच खोटा होता, असेही म्हणता येणार नाही.

डोंगरावर मात्र वेगळेच चालले होते. बोगद्यांना टेकू हवेत आणि भट्ट्यांना कोळसा हवा, म्हणून रान तोडले गेले. जे उरले त्यावर भट्ट्यांचा गंधकी धूर बसला. पाने करपली, झाडे वाळली, गवतही उगवेना. मुळे मेल्यावर माती धरून ठेवायला कोणी उरले नाही आणि पावसाने ती खरवडून नेली. उघडा खडक पाणी अडवत नाही. पूर्वी जो पाऊस रानात मुरून आठवडाभर हळूहळू उतरे, तो आता काही तासांत नदीत येऊ लागला. त्याबरोबर खाणीतले पाणी आले, भट्टीचा कचरा आला, धातूचा चुरा आला. आपले द्राक्षबागाईतदार मोरचूद चांगला ओळखतात. फवारणीला तो चिमटीच्या हिशेबाने वापरायचा असतो. इथे सगळी नदीच त्याने भारली जात होती. शिवाय गाळाने पात्र उथळ झाले, त्यामुळे पूर पूर्वीपेक्षा वरचेवर येऊ लागले. जो पूर पोयटा आणत होता, तोच आता विष आणू लागला.

१८८५ च्या उन्हाळ्यात मासे पोट वर करून तरंगले. १८९० च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला आणि ओसरल्यावर शेतांत जो गाळ राहिला, त्यात भात रुजेना. शेतकऱ्यांनी माती-पाणी तपासायला पाठवले. टोकियोच्या शेतकी महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ कोझाई योशिनाओ यांनी ते तपासून दोष तांब्याचा असल्याचे स्वच्छ लिहून दिले.

डिसेंबर १८९१ मध्ये तानाकांनी संसदेत पहिला प्रश्न विचारला. राज्यघटना प्रजेच्या मालमत्तेला संरक्षण देते आणि खाणीचा कायदा सार्वजनिक हिताला बाधा आणणारी खाण बंद करण्याचा अधिकार मंत्र्याला देतो, मग हा अधिकार का वापरला जात नाही, असा त्या प्रश्नाचा रोख होता. उत्तर द्यायचे होते शेती व व्यापारमंत्री मुत्सु मुनेमित्सु यांनी. या मुत्सुंचा धाकटा मुलगा फुरुकावाला दत्तक गेलेला होता, खाणीचा भावी वारस म्हणून! सरकारने सांगितले की कारण अद्याप निश्चित नाही आणि कंपनी चुरा अडवण्याची यंत्रे परदेशातून मागवते आहे.

पुढच्या वर्षी तडजोडी झाल्या. गावोगाव मध्यस्थ फिरले, थोडीथोडकी रक्कम दिली गेली आणि यंत्रे बसेपर्यंत तक्रार करायची नाही असे लिहून घेतले गेले. मुदत संपत आली तेव्हा, १८९५ मध्ये, दुसरे कागद आले. त्यांत आणखी थोडी रक्कम देऊन कायमची तडजोड लिहिलेली होती. यापुढे काहीही झाले तरी दावा सांगणार नाही, असा तिचा अर्थ. गरजू माणसासमोर रोख रक्कम आणि कागद एकाच वेळी ठेवला तर तो कागद वाचत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी हे इतक्यांदा पाहिले आहे की त्या शेतकऱ्यांना भोळे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१८९६ मध्ये पुन्हा महापूर आला आणि विषारी गाळ टोकियोच्या वेशीपर्यंत पोचला. आता शेतकऱ्यांचा धीर सुटला. १८९७ मध्ये हजारो जण चालत राजधानीकडे निघाले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि खाणीला ३७ कलमी हुकूम दिला. गाळ बसवायला तळी बांधा, धूर धुऊन सोडा, नाहीतर खाण बंद. तळी मुदतीत बांधून झाली. पुढच्या वर्षीच्या पुरात ती फुटली.

सप्टेंबर १८९८ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला. या वेळी तानाका आजारातून उठून वाटेत आडवे गेले. सत्तेवर नुकतेच त्यांच्याच पक्षाचे मंत्रिमंडळ आले होते, पक्षीय सरकारचा जपानमधला तो पहिलाच प्रयोग. हे आपले सरकार आहे, त्याला अवधी द्या, पन्नास प्रतिनिधी ठेवून बाकीचे परत फिरा, आणि सरकारने ऐकले नाही तर मी स्वतः तुमच्या पुढे चालेन, असे त्यांनी वचन दिले. पोलीसही ऐकताना गहिवरले, असे म्हणतात. लोक रडत परतले. जेमतेम महिन्याभरात ते मंत्रिमंडळ आपसांतल्या भांडणाने कोसळले. पक्ष, संसद, प्रतिनिधी या शब्दांवरची तानाकांची श्रद्धा इथून उतरणीला लागली असे मला वाटते. पुढच्याच वर्षी यामागाता आरितोमो यांच्या सरकारने खासदारांचे वार्षिक मानधन आठशे येनांवरून दोन हजारांवर नेले, करवाढीला पाठिंबा मिळावा म्हणून. तानाकांनी विरोधात भाषण केले आणि वाढ तर सोडाच, सगळे मानधनच नाकारले. स्वतःच्या पदराला पैसा नसलेल्या माणसाने हे करावे, याला वेडेपणाच म्हणतात.

१३ फेब्रुवारी १९०० च्या पहाटे शेतकरी चौथ्यांदा निघाले. तोने नदीच्या अलीकडे कावामाता इथे पोलीस वाट अडवून उभे होते. त्यांनी लोकांना झोडपले आणि पुढाऱ्यांना पकडले. तानाका तेव्हा संसदेत होते. चार दिवसांनी त्यांनी जो प्रश्न मांडला, त्याची जपानच्या संसदीय इतिहासात आजही आठवण काढली जाते. प्रजेला मारणे म्हणजे राष्ट्राला मारणे होय, आणि राष्ट्र बुडते आहे हे कळत नसेल तर तेच बुडणे, असा त्याचा आशय. प्रश्नाचा अर्थच लागत नाही, सबब उत्तर नाही, असे पंतप्रधान यामागातांनी लेखी कळवले.

खटल्याची हकिकत निराळीच आहे. एक्कावन्न शेतकऱ्यांवर दंगलीचा आरोप ठेवला गेला. सुनावणीत सरकारी वकिलाचे भाषण चालू असताना तानाकांनी मोठ्याने जांभई दिली. त्यावर अधिकाऱ्याच्या अवमानाचा स्वतंत्र खटला होऊन पुढे १९०२ मध्ये त्यांना चाळीस दिवसांची कैद झाली. त्या चाळीस दिवसांत त्यांनी बायबलचा नवा करार वाचला आणि तो पुस्तकरूपाने शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. रूढ अर्थाने ते ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. मूळ दंगलीचा खटला वरच्या न्यायालयात गेला, तिथून पुन्हा खाली आला, आणि १९०२ च्या अखेरीस कशावर निकाली निघाला? आरोपपत्रावर सरकारी वकिलाची स्वहस्ते सही नाही म्हणून! सगळे सुटले. विषाबद्दल न्यायालयाला एक अक्षर बोलावे लागले नाही.

त्याआधीच तानाका खासदारकी सोडून मोकळे झाले होते. ऑक्टोबर १९०१ मध्ये राजीनामा दिला. पत्नी कात्सुला काडीमोडाचे पत्र पाठवले, पुढे जे होईल त्याची झळ तिला लागू नये म्हणून. आयुष्यभर हा माणूस घरी फारसा राहिलाच नाही. सासू-सासऱ्यांचे केले ते तिने. चरित्रकार तिच्याबद्दल दोन-चार ओळींपलीकडे लिहीत नाहीत, याचे वाईट वाटते. १० डिसेंबरला सम्राट मेजी संसदेचे उद्घाटन करून परतत असताना साठ वर्षांचे तानाका गर्दीतून हातात अर्ज घेऊन गाडीकडे धावले. एक घोडेस्वार आडवा आला आणि तोल जाऊन पडला. तानाकाही अडखळून पडले. पोलिसांनी त्यांना धरले. सम्राटाकडे असे धावणे म्हणजे जिवाशी गाठ. पण खटला भरला तर देशभर चर्चा होईल हे सरकारने ओळखले आणि म्हातारा भ्रमिष्ट आहे असे ठरवून त्याच संध्याकाळी सोडून दिले.

त्या अर्जाचा मसुदा कोतोकु शुसुई या तरुण समाजवादी पत्रकाराने लिहिला होता. तानाकांना काही शब्द पटले नाहीत. त्यांनी ते खोडून आपले घातले आणि प्रत्येक खाडाखोडीवर आपला शिक्का उमटवला. पूर्वी चेकवर खाडाखोड केली की तिथे पुन्हा सही लागे, तसे. जीव द्यायला निघालेल्या माणसाला दस्तऐवज नियमाप्रमाणे हवा होता!

अर्ज सम्राटाच्या हाती पडला नाही, पण वर्तमानपत्रांनी गजहब केला. टोकियोचे शेकडो विद्यार्थी नदीकाठची गावे पाहायला गेले, बायकांनी मदतीचे काम उभारले. सरकारने दुसरी समिती नेमली. तिने १९०३ मध्ये सांगितले की आता शेतात दिसते ते जुने विष आहे, खरा प्रश्न पुराचा आहे, तेव्हा खाली नद्यांच्या संगमाजवळ पाणी साठवायला मोठा तलाव करावा. विषाचा प्रश्न असा पाण्याचा प्रश्न झाला. डोंगरावरची खाण बाजूला राहिली आणि पायथ्याचे एक गाव चर्चेत आले. त्याचे नाव यानाका.

यानाका म्हणजे सुमारे अडीच हजार वस्तीचे, तीन नद्यांच्या बेचक्यात, भोवती बांध घालून वसलेले सुपीक गाव. १९०२ च्या पुरात बांध फुटला. प्रांताच्या सरकारने तो नीट बांधून दिलाच नाही. गावकऱ्यांनी स्वतः माती टाकून उभा केला, तर बेकायदा म्हणून तो पाडला. पिके बुडत राहिली आणि बुडालेल्या जमिनीचा भाव अर्थातच उतरला. डिसेंबर १९०४ मध्ये, रशियाशी युद्ध ऐन भरात असताना, प्रांताच्या सभेने रात्री दारे लावून गाव विकत घेण्याचा ठराव केला.

जुलै १९०४ मध्येच तानाका यानाकात राहायला आले होते. वय ६२. ना पद, ना घर. लोक हळूहळू विकून जात होते. कोणी शेजारच्या गावात गेले, कोणी नासुच्या माळावर. पुढे १९११ मध्ये सहासष्ट कुटुंबे होक्काइदोच्या टोकाला, सारोमा इथे, गोठवणाऱ्या रानात पाठवली गेली. जून १९०७ अखेर गावात सोळा घरे उरली होती. २९ जूनला पोलीस आणि मजूर आले आणि ५ जुलैपर्यंत रोज दोन-तीन अशी ती घरे जमीनदोस्त केली. त्या वेळी गृहमंत्री होते हारा ताकाशी. ते मंत्री होण्यापूर्वी फुरुकावा कंपनीचे उपाध्यक्ष होते. लोकांनी विरोध केला नाही आणि गावही सोडले नाही. पडक्या जोत्यांवर बांबू आणि गवताची खोपटी उभारून ते तिथेच राहिले. आराहाता कान्सोन या वीस वर्षांच्या पोराने ही सगळी कथा पुस्तकात लिहिली. निघताच सरकारने ते जप्त केले.

ऑगस्टअखेरीस पूर आला. खोपट्यांची काय दशा झाली असेल या चिंतेने तानाका रात्री नाव घेऊन निघाले. ते पोचले तेव्हा लोक होड्यांत बसले होते. आजारी माणसेही होडीतच होती. लाटा येत होत्या, पाऊस होता, आणि कोणी आक्रोश करत नव्हते. जे चालले आहे ते आपले गाव सोडण्यापेक्षा बरे, एवढाच त्यांचा भाव. तानाका थक्क झाले. तीन वर्षे ते या अडाणी लोकांना हक्क, कायदा, राज्यघटना शिकवत होते. आपण शिकवत राहिलो, यांच्याकडून ऐकले मात्र नाही, हे त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा लिहून ठेवले आहे. पासष्टाव्या वर्षी सहा वेळा निवडून आलेल्या पुढाऱ्याने शिष्य व्हायचे ठरवले. पुढाऱ्यांची चरित्रे मी पुष्कळ वाचली आहेत. हे वळण त्यांत सहसा सापडत नाही.

यानंतरचे तानाका मला सर्वांत जवळचे वाटतात. गवती टोपी, खांद्याला पिशवी आणि हातात काठी. १९१० च्या ऑगस्टमध्ये सगळ्या कांतो प्रदेशात भयंकर पूर आला आणि यानाका बुडवूनही आसपासची गावे वाचली नाहीत. तेव्हापासून हा म्हातारा नद्यांच्या काठाने चालू लागला. वातारासे, तोने, ओमोई, त्यांचे ओढे-नाले. वाटेत दिसेल त्या घरी शिरायचे आणि म्हाताऱ्यांना विचारायचे: यंदा पाणी कुठवर आले, तुमच्या लहानपणी कुठवर येई, किती दिवस राही, ओसरल्यावर गाळ कसला असे. भिंतीवरची, झाडावरची पुराची रेघ मोजायची आणि वहीत टिपायची. सरकारी इंजिनियरांकडे नकाशे आणि परदेशी शिक्षण होते. याच्याकडे शेकडो गावांची आठवण होती.

या पायपिटीतून त्यांचे एक मत घट्ट झाले. नदी तुकड्यातुकड्याने दुरुस्त होत नाही. टोकियोकडे विषारी पूर जाऊ नये म्हणून खाली सेकियादो इथे एदो नदीचे तोंड सरकारने आवळले आणि तेच पाणी तुंबून उलटे वातारासेत शिरते, यानाका त्यात बुडाले, असे त्यांचे म्हणणे होते. उंच बांध घालून पाणी कोंडण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या लोकांसारखे बांध ठेंगणे ठेवावेत, पाण्याला पसरायला जागा द्यावी, आणि सगळ्यांत आधी डोंगरावर झाड परत आणावे. आपल्याकडे मृदसंधारणाची कामे करणारे माथा ते पायथा म्हणतात, तेच हे. माथ्यावर भट्टी धुमसत असताना पायथ्याशी गाव बुडवून काय साधणार? शिवाय त्यांच्या मते पाण्यावर पहिला अधिकार काठच्या माणसाचा. त्याला न विचारता केलेली योजना कितीही शास्त्रीय असली तरी नदीला मानवणार नाही.

ऑगस्ट १९१३ मध्ये अशाच एका फेरीत, सानोजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ते कोसळले. महिनाभर अंथरुणावर होते. शेवटी कात्सु शुश्रूषेला आली होती, मित्र आणि लेखक किनोशिता नाओए उशाशी होते. दारात माणसांची रीघ लागे. त्यांचा तानाकांना आनंद नव्हता. हे सगळे माझी विचारपूस करायला येतात, माझ्या कामाची नाही, अशी त्यांची तक्रार होती. ४ सप्टेंबरला ते गेले. वय ७१.

पिशवी उघडली. तिच्यात नवा करार, राज्यघटनेची प्रत, तीन रोजनिशा, एक अपुरे हस्तलिखित, थोडे कागदी रुमाल, नदीतले वाळवलेले शेवाळे आणि तीन लहान दगड निघाले. चालताना काठावरचा सुंदर दगड दिसला की उचलायची त्यांना सवय होती. एवढीच इस्टेट. अंत्ययात्रेला हजारोंच्या संख्येने शेतकरी आले आणि अस्थी नदीकाठच्या गावांनी वाटून घेतल्या.

यानाकातली उरलेली कुटुंबे १९१७ मध्ये निघून गेली. खाण चालूच राहिली. १९५६ मध्ये नव्या तऱ्हेची भट्टी आली, तेव्हा धूर थांबला. १९५८ मध्ये गेंगोरोझावा इथला खाणकचऱ्याचा बांध फुटून पुन्हा विष शेतात आले. १९७१ मध्ये तांदळात कॅडमियम सापडले. खाण १९७३ मध्ये बंद झाली, आणि १९७४ मध्ये सरकारी लवादापुढे कंपनीने १५५ कोटी येन नुकसानभरपाई मान्य केली, तानाकांच्या पहिल्या प्रश्नानंतर ८३ वर्षांनी. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तोच कचरा पुन्हा घसरला आणि नदीच्या पाण्यात मर्यादेहून जास्त शिसे आढळले.

यानाकाच्या जागी आज तेहतीस चौरस किलोमीटरचे पूरक्षेत्र आहे. बोरूची राने, पाणथळ पक्षी. २०१२ पासून ते रामसर यादीत आहे, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात त्याने प्रचंड पाणी पोटात घेतले, हेही खरे. मधल्या तलावाचा आकार बदामासारखा आहे, कारण १९७०च्या दशकात तिथे खोदाई सुरू झाली तेव्हा मूळ गावकऱ्यांची मुले-नातवंडे देवळाच्या आणि दफनभूमीच्या जागेवर यंत्रांसमोर उभी राहिली. तेवढी जमीन सोडून पाणी वळवावे लागले.

तो अर्ज, लाल शिक्क्यांच्या खाडाखोडीसह, सानोला जपून ठेवला आहे. मे २०१४ मध्ये सम्राट आकिहितो तिथे गेले आणि त्यांनी तो पाहिला. मेजी हे त्यांचे पणजोबा.

आशिओचे डोंगर अजूनही पुरते भरलेले नाहीत. १९९६ पासून दर वसंतात तिथे माणसे जमतात. उतारावर पायऱ्या केल्या आहेत, कारण खडकावर माती उरलेली नाही आणि खड्डा खणण्याआधी तीच वर न्यावी लागते. शाळेची मुले, पेन्शनर, खालच्या गावांतले शेतकरी एकेक पिशवी माती आणि एकेक रोप पाठीवर घेऊन चढतात, माती ओततात, रोप लावतात, आणि दुसरी पिशवी आणायला पुन्हा खाली उतरतात.